जर्सीच्या पाठीवरचं नाव बदलून देणारं धोबी तलावचं दुकान

मुंबईत धोबी तलावला बॅटी आणि ट्रॉफ्यांची दुकानं आहेत, त्यातल्याच एका इमारतीच्या अरुंद जिन्याने पहिल्या मजल्यावर गेलं की ही खोली लागते. बाहेर पाटी नाही. खाली कुणालाही "जर्सीवर नाव टाकणारे कुठे?" असं विचारलं की बोट वर जातं. आत एक कटर मशीन, गरम दाबाने अक्षरं चिकटवणाऱ्या दोन हीट प्रेस, भिंतीला लावलेले विनाइलचे (अक्षरं कापायच्या प्लास्टिकचे) रोल आणि काउंटरमागे एक दादा. 2019 पासून मी इथे जाते. आयपीएलला मुंबईची मॅच असली की ऑफिस सुटल्यावर पहिला फोन भाच्याला करणाऱ्यांपैकी मी, त्यामुळे या खोलीशी माझं नातं नुसत्या गिऱ्हाईकाचं राहिलेलं नाही.

पहिली जर्सी भाच्याची. तेव्हा तो सहा वर्षांचा. 12 मे 2019 ला हैदराबादला आयपीएलची फायनल झाली, शेवटच्या चेंडूवर चेन्नईला दोन धावा हव्या होत्या आणि आमच्या मलिंगाने त्यांच्या शार्दुल ठाकूरला पायचीत पकडला. मुंबई एका धावेने जिंकली. पोरगं पलंगावर नाचत होतं. दुसऱ्याच आठवड्यात "मावशी, मला हार्दिक पाहिजे" म्हणून हट्ट धरला. निळी जर्सी, पाठीवर आमच्या हार्दिक पंड्याचं नाव आणि त्याचा नंबर 33. जरा मोठ्या मापाचीच घेतली, म्हणजे चार वर्षं जाईल.

2022 ला हार्दिक गुजरातकडे गेला. पहिल्याच वर्षी कप्तान म्हणून ट्रॉफी जिंकली, पुढच्या वर्षी फायनलही गाठली. भाच्याने जर्सी कपाटात ठेवली, काढू दिली नाही. मग नोव्हेंबर 2023 ला ट्रेडची, म्हणजे संघांनी आपसात खेळाडू देण्याघेण्याची, बातमी आली. अदलाबदल नाही, थेट पैशांत हार्दिक परत मुंबईकडे. त्याच वेळी कॅमरून ग्रीन बंगळूरला. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की खेळाडू परत आणण्यात काही चूक नव्हती. चूक झाली ती 15 डिसेंबरला. पाच ट्रॉफ्या जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी हार्दिक कप्तान, हे आम्हाला मोबाइलवरच्या बातमीतून कळलं. दहा वर्षं ज्याच्या मागे उभे राहिलो, त्याला निरोप द्यायला एक मॅच तरी मिळायला हवी होती.

1 एप्रिल 2024 ला राजस्थानविरुद्ध आम्ही वानखेडेवर होतो. टॉसलाच हार्दिकची हुर्यो सुरू झाली. समालोचक मांजरेकरांना माइकवरून लोकांना नीट वागा म्हणावं लागलं. रोहित पहिल्याच चेंडूवर गेला, मुंबई 20 धावांत 4 बाद. शेजारी भाचा रडत होता आणि ओरडतही होता. मी ओरडले नाही. आपल्याच मैदानावर आपल्याच माणसाची हुर्यो मला सहन झाली नाही. पण अकरा वर्षांच्या मुलाला ते सांगणार कसं? शनिवारी त्याला घेऊन धोबी तलावला गेले. हार्दिक काढा, रोहित टाका.

दादांनी जर्सी उजेडात धरली, बोटाने अक्षरं दाबून पाहिली. "ताई, नाव निघेल, पण छाप राहील." ती कशी राहते ते मला तेव्हा समजलं. धुऊन धुऊन बाकीचा कपडा फिकट होतो आणि अक्षरांखालचा निळा तसाच गडद राहतो. प्रेसवर जर्सी गरम केली, विनाइल मऊ पडल्यावर चिमट्याने एकेक अक्षर कडेपासून उचललं, खाली राहिलेला गोंद कापसाने पुसला. पाठीवर खरंच गडद निळ्या रंगात हार्दिक उभा होता.

आता अडचण अशी, की इंग्रजीत हार्दिकची अक्षरं सहा आणि रोहितची पाच. वर रोहित ठेवलं की दोन्ही टोकांना जुनं अर्धं अर्धं अक्षर बाहेर डोकावणार. दादांनी कॉम्प्युटरवर अक्षरांमधली जागा वाढवली, अक्षरं जाड केली, रोहितचा 45 चा आकडाही जाड घेतला म्हणजे 33 च्या गोलाई झाकल्या जातील. तीनदा कागदावर काढून जर्सीवर ठेवून पाहिलं. मगच कटर चालवला. छातीवरच्या लोगोला आच लागू नये म्हणून आत वेगळा कागद घातला. पंधरा सेकंदांची प्रेस, प्लास्टिक सोललं, झालं. तरी शेवटी एक बारीक गडद रेघ उरलीच. "एवढी राहणार, ताई," ते म्हणाले. आधी सांगितलं होतं, म्हणून मला खटकलं नाही. जुनं काढून नवं टाकायचे 500 रुपये घेतले. नुसतं नवं नाव आणि नंबर असेल तर 350.

त्या सीझनला मुंबई तळाला राहिली. आणि 29 जूनला बार्बाडोसला टी-20 वर्ल्ड कपच्या फायनलची शेवटची ओव्हर हार्दिककडे आली. दक्षिण आफ्रिकेला 16 धावा हव्या होत्या, समोर त्यांचा मिलर. सूर्यकुमारने सीमारेषेवर त्याचा झेल घेतला तेव्हा भाचा त्याच जर्सीत टीव्हीला चिकटून उभा होता. पुढच्या गुरुवारी, 4 जुलैला, आम्ही विजयी मिरवणुकीसाठी मरीन ड्राइव्हच्या गर्दीत होतो आणि वानखेडेत हार्दिकच्या नावाचा गजर झाला, त्याच वानखेडेत. भाचा म्हणाला, "मावशी, रोहितच्या खाली हार्दिक आहेच ना?" हो रे, आहे.

दुकानाची कसोटी लागली ती नोव्हेंबर 2025 ला. नवी मुंबईला महिला वर्ल्ड कपची फायनल, आणि मला जेमिमा रॉड्रिग्जचं नाव हवं होतं. वांद्र्याच्या मुलीने सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 केल्या होत्या, 339 चा पाठलाग करून आपण जिंकलो होतो. फायनलच्या आदल्या दिवशी, शनिवारी, जिन्यापर्यंत रांग होती. हरमन, स्मृती, दीप्ती आणि जेमी ही नावं पुरुष माणसं सांगत होती, हे मी या खोलीत पहिल्यांदा ऐकलं आणि मला भरून आलं. दोन तास सांगितले, चार लागले. रविवारी पाऊस, मॅच पाचला सुरू, संपेपर्यंत मध्यरात्र उलटली. शफालीच्या 87, दीप्तीच्या 58 आणि पाच विकेट, 52 धावांनी विजय. माझी जर्सी आधी पावसात आणि मग घामात भिजली. अक्षराची एक कड उचलली गेली नाही. उलटी करून गार पाण्यात धुते, इस्त्री लावत नाही.

त्याच महिन्यात पुन्हा ट्रेड. राजस्थानचा संजू सॅमसन चेन्नईकडे आणि चेन्नईचा जडेजा सॅम करनबरोबर राजस्थानकडे. माझे नाशिकचे दीर पक्के चेन्नईवाले. 2023 च्या फायनलला जडेजाने शेवटच्या दोन चेंडूंवर सहा आणि चार मारले, तेव्हा मला फोनवर बोलता येत नव्हतं इतके हुंदके देत होते. ते त्यांची पिवळी जर्सी घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, तो गेला, आता संजू टाकून घेऊ." ती चेन्नईहून तयार छापलेली आणली होती. दादांनी नाव नखाने खरवडून पाहिलं आणि परत केली. "साहेब, हे सब्लिमेशन आहे. रंग धाग्यात मुरलाय. काढायचा तर कपडाच जाईल." दिरांनी जर्सीची घडी घातली, जडेजाचा आठचा आकडा वर येईल अशी, आणि पिशवीत ठेवली. जिना उतरताना काही बोलले नाहीत. बारा हंगाम पिवळ्या रंगात खेळलेला माणूस बदलून घेणं मला कुठल्याच हिशेबाने पटत नाही.

मला मनापासून आवडलेला ट्रेड मात्र छोटा आहे. शार्दुल लखनौकडून मुंबईला, दोन कोटींत. पालघरहून लोकलने येऊन क्रिकेट शिकलेला मुलगा. मार्च 2024 च्या रणजी फायनलला विदर्भासमोर मुंबईचा डाव गडगडला, तेव्हा 224 मधल्या 75 त्याच्या होत्या. 2019 ला ज्याच्या विकेटवर आम्ही नाचलो, तो आता आमचा. माझ्या नव्या जर्सीवर त्याचंच नाव, 54.

तिथेच दुकानाची एक चूक झाली. शार्दुलच्या इंग्रजी नावात एक एच जास्त पडला. घरी येऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशी गेले, दादांनी वाद घातला नाही, पैसे न घेता नाव काढून पुन्हा टाकलं. जर्सी नवी असल्यामुळे छापही राहिली नाही. पण हेलपाटा झालाच. तेव्हा नाव स्वतःच्या हाताने कागदावर लिहून द्या आणि प्रेसवर जाण्याआधी कटिंग एकदा वाचा.

रविवारी बंद. फायनलच्या आधीचा शनिवार टाळा, जमलं तर गुरुवारी जा. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि जुनी जर्सी नेणार असाल तर धुऊन, वाळवून न्या, ओल्या कपड्यावर ते प्रेस लावत नाहीत.