कोकमाच्या तीन बाटल्या आणि लग्नाच्या वाढदिवसाची मालवणी थाळी

एप्रिल-मेच्या लग्नसराईत बोहल्यावर चढलेल्यांचा लग्नाचा वाढदिवस दरवर्षी ऐन उकाड्यात येतो. जेवायला बाहेर जायचं ठरतं, मालवणी हॉटेल ठरतं, आणि बिल हातात आलं की लक्षात येतं, दोन मॉकटेलच्या पैशांत आणखी एक बांगडा फ्राय आला असता. आमचा सल्ला सरळ आहे: मासे हॉटेलात खा, थंड पेयं घरी करा. त्यासाठी कोकमाच्या नावाने दुकानात मिळणाऱ्या तीन प्रकारच्या बाटल्यांपैकी कुठली घ्यावी, ते आधी बघू.

पहिली आगळाची. पिकलेल्या रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या सालींना मीठ लावून ठेवलं की रस सुटत जातो. तो गाळला की झालं आगळ. त्यात साखर नसते आणि ते मिठावरच टिकतं. घटकांच्या यादीत ‘कोकम, मीठ’ एवढंच असेल तर बिनधास्त घ्या. रंग काळपट लाल असतो. तळाशी गाळ बसतो, त्याला घाबरू नका, बाटली हलवून वापरा. रंगाची शंका आली तर अर्धी वाटी पाण्यात चमचाभर आगळ घालून चिमूट-दोन चिमूट खायचा सोडा टाका. थोडं फसफसेल. कोकमाचा स्वतःचा रंग आंबटपणा गेल्यावर टिकत नाही, जांभळट-निळसर काळपट होतो. पाणी तसंच लालभडक राहिलं तर वरून रंग घातला आहे असं समजा.

दुसरी अमृत कोकमची, म्हणजे साली साखरेत मुरवून केलेला पाक. कोकणातल्या घरगुती बाटल्या चवीला छान असतात. अडचण एकच: गोडी आधीच ठरलेली. एकाला आंबट आणि दुसऱ्याला गोड हवं असेल तर एका बाटलीतून दोघांचं भागत नाही. सुपरमार्केटच्या फळीवरचं चकचकीत लाल सिरप ही तिसरी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून यादीच्या सुरुवातीलाच साखर आणि पाणी दिसतं, कोकम खाली कुठेतरी, आणि शेवटी रंगाचा क्रमांक, बहुधा १२२. ही बाटली फळीवरच राहू द्या.

हिशोबातही आगळच पुढे. एका ग्लासाला १५ मिली, म्हणजे एक मोठा चमचा पुरतो. लिटरभर बाटलीतून साठ-पासष्ट ग्लास सहज होतात. अमृत कोकम ग्लासाला ४० मिली तरी लागतं, त्यामुळे ७०० मिलीच्या बाटलीत सतराएक ग्लासांवर गाडी थांबते.

सरबतासाठी २०० मिली गार पाणी, एक मोठा चमचा आगळ, तीन लहान चमचे साखर, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. वेगळं मीठ अजिबात नाही. बिघडलेली बहुतेक सरबतं इथेच खारट झालेली असतात. काळं मीठ आवडत असेल तर आगळ थोडं कमी करा. साखर आधी साध्या पाण्यात विरघळवा, गार पाण्यात ती तळाशी बसून राहते. बर्फापेक्षा ग्लास फ्रीजमध्ये ठेवणं चांगलं, कारण बर्फ वितळला की शेवटचे चार घोट नुसते पाणचट लागतात.

हे निघण्याआधी प्यायचं. सोलकढी तेव्हा नको, नारळाच्या दुधाने पोट भरतं आणि थाळी अर्धी उरते. ती परत आल्यावर, पण तयारी संध्याकाळीच. एका मध्यम नारळाचं खोबरं, लसणाच्या तीन पाकळ्या, एक हिरवी मिरची आणि वाटीभर कोमट पाणी मिक्सरमधून काढून पंचातून घट्ट पिळा. तोच चोथा पुन्हा वाटीभर कोमट पाण्यात वाटून पिळा. तिसऱ्यांदा पिळून निघतं ते पांढरं पाणी, तो मोह टाळा. पाणी कडकडीत असलं तर स्निग्धांश सुटून दूध तेलकट होतं; गार असलं तर दूध नीट उतरत नाही. या दुधात आगळ लगेच घालू नका. दूध झाकून फ्रीजमध्ये ठेवा. खोबरेल थंडीत थिजतं तशी वर पांढरी साय धरेल. घरी आल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवून रवीने घुसळा, मग दोन मोठे चमचे आगळ घाला, चव बघा, वाटलं तर आणखी एक. फिका गुलाबी-जांभळा रंग आला की थांबा. वरून कोथिंबीर. उकाड्यात हे दूध बाहेर तीन-चार तास राहिलं तर आंबतं, आणि त्यावर कोकमाची मात्रा चालत नाही.

आता हॉटेल. पाटीवरचं ‘अस्सल मालवणी’ सोडून द्या, आधी एकच सोलकढी मागवा. डोळ्यात भरणारा राणी रंग, पावडरीचा गुळगुळीतपणा आणि मागे रेंगाळणारी गोडी असेल तर स्वयंपाकघरात नारळ फुटत नाही, आणि मग तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्क्यातल्या खोबऱ्याचाही भरवसा धरू नका. चोथा जिभेला किंचित लागणारी, लसणाचा वास येणारी सोलकढी आली की पुढची ऑर्डर निश्चिंतपणे द्या. ‘अनलिमिटेड’ सोलकढी बहुधा तिसऱ्या पिळ्याची निघते.

पैसे जिथे वसूल होतात ते तव्यावर. रवा लावलेली सुरमई किंवा बांगडा तव्यावरून थेट ताटात आला पाहिजे. कवच बोटाने दाबल्यावर कुरकुरायला हवं. तेल सुटून मऊ पडलं असेल तर मासा आधी तळून ठेवलेला आहे, खुशाल परत पाठवा. दोघांनी दोन वेगळ्या थाळ्या घ्याव्यात, एक माशाची आणि एक कोंबडी-वड्यांची. वडे मात्र एका वेळी दोनच मागा, गार झाले की चामट होतात.

बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगता येतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तो परस्पर लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

लग्न जूनमधलं असेल तर बेत थोडा बदलावा लागतो. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते, तेव्हा ‘आजचा ताजा पापलेट’ म्हणणाऱ्याला मासा कुठून आला ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर सुक्या जवळ्याची चटणी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी मागवा. आगळ काचेच्या बाटलीत, कोरडा चमचा वापरून, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतं. ॲल्युमिनियमच्या भांड्यात मात्र ते कधीही ओतू नका.