दहा महिने हवेतल्या इंटरनेटवर: कोकणातल्या वाडीत फाइव्ह-जी

गेल्या वर्षी गणपतीच्या पंधरा दिवस आधी आमच्याकडे टॉवरवरून तारेशिवाय घराला इंटरनेट देणारा फाइव्ह-जीचा पांढरा डबा बसला, त्याला आता दहा महिने झाले. वाडी रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटरवर. मी तबला शिकवते. चार मुलं न्यू जर्सीत, दोन दुबईत, बाकीची पुण्या-सांगलीकडची. म्हणजे इंटरनेट हेच माझं दुकान. आधी फायबर होतं, पण रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने ते वर्षात पाचदा तोडलं. पाचव्या वेळी केबलवाला म्हणाला, "ताई, रस्ता होईस्तोवर मी आता परत जोडत नाही." मग हवेतलं घेणं आलंच. कंपनीचं नाव लिहीत नाही. एकाच कंपनीचा अनुभव दोन टॉवरखाली दोन तऱ्हांचा असतो, आणि माझा टॉवर काही तुमचा नव्हे.

बसवायला आलेल्या मुलाने आधी डबा ओटीवरच्या खांबाला ठोकला. वेग ६० एमबीपीएस. मी म्हटलं, जाहिरातीत तर भलतंच होतं. तो म्हणाला, मधे तुमचं कलम येतंय. हापूसचं ते झाड माझ्या सासऱ्यांनी लावलेलं, ते तोडायचा प्रश्नच नव्हता. शेवटी गोठ्याच्या पत्र्यावर पाइप उभा केला, डबा जेमतेम दहा हात सरकला, आणि वेग १८० वर गेला. इथे फाइव्ह-जीचा मुख्य भार ३३०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर आहे. २०२२ मध्ये सरकारने केलेल्या लहरींच्या लिलावात ज्या दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या, त्यात या पट्ट्याचा वाटा मोठा. या पट्ट्यात वेग भरपूर मावतो, पण तो भिंतींना आणि पानांना भितो. ७०० मेगाहर्ट्‌झची लहर लांब जाते, भिंतीतून आत शिरते, मात्र तिच्यात जागा कमी. आमची भिंत जांभ्या चिऱ्याची, चांगली दीड फुटाची. अंगणात फोनवर चार कांड्या असतात आणि माजघरात गेलं की फोर-जी. म्हणून चिरेबंदी घर असेल तर फोनमधल्या फाइव्ह-जीवर भरवसा ठेवू नका, बाहेर डबा लावून वायर आत घ्या.

आता वेगाबद्दल. फाइव्ह-जीचा सेकंदाला २० गिगाबिट, म्हणजे २०,००० एमबीपीएस, हा जो आकडा सगळीकडे मिरवतात, तो आंतरराष्ट्रीय मानकातला आदर्श परिस्थितीतला कमाल आकडा आहे, आणि तोही अख्ख्या टॉवरचा, एका घराचा नव्हे. मला पहाटे २०० च्या आसपास मिळतात, रात्री नऊला ४०-५०. डाउनलोडबद्दल माझी तक्रार नाही. घरातले तिघं तीन ठिकाणी व्हिडिओ बघतात, कुणी कुणावर ओरडत नाही. महिन्याला १००० जीबीची मर्यादा आहे, ती आजवर एकदाही गाठली नाही.

माझं घोडं अडतं अपलोडवर. या पट्ट्यात जाणं-येणं एकाच लहरीवर पाळीपाळीने चालतं, आणि पाळीतला मोठा हिस्सा डाउनलोडला दिलेला असतो, कारण बहुतेक लोक बघतात, दाखवत कुणी नाही. मी दाखवते! दोन कॅमेरे लागतात, एक चेहऱ्यावर आणि एक वरून हातांवर, कारण बायाँवर, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्यावर, मनगट कसं घासायचं ते वरूनच दिसतं. फायबरला जेवढं डाउनलोड तेवढंच अपलोड होतं. इथे पहाटे २० मिळतं, संध्याकाळी ६. त्यामुळे सकाळी सहाला, म्हणजे तिकडच्या रात्री साडेआठला, न्यू जर्सीच्या मुलांचा वर्ग झकास होतो, आणि संध्याकाळी साडेसातचा दुबईचा वर्ग रडतखडत. दुबई जवळ आहे, पण त्या वेळी टॉवरवर सारा गाव असतो. दुबईच्या मुलांसाठी मी आता एकच कॅमेरा लावते.

न्यू जर्सीच्या एका पालकांनी मला मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं, फाइव्ह-जी म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंदाचा उशीर, आता तुम्ही आणि मुलगी एकत्र वाजवू शकाल. हे ऐकून मी खरंच एकदा करून पाहिलं. इकडून मी लेहरा, म्हणजे ताल मोजायला लावतात ती फिरती सुरावट, लावला, तिकडून तिने तीनताल धरला. तिचा 'धा' माझ्यापर्यंत सरासरी ३०० मिलिसेकंद उशिरा आला. मिनिटाला २०० मात्रांची लय असेल तर ३०० मिलिसेकंद म्हणजे बरोबर एक मात्रा. ती समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येत होती आणि मला ती दुसऱ्या मात्रेवर ऐकू येत होती. यात तिची चूक नाही, टॉवरचीही नाही. तो एक मिलिसेकंद फक्त फोन आणि टॉवर यांच्यामधल्या हवेचा, आणि तोही खास प्रकारच्या सेवेसाठी ठरवलेला. पुढचं सगळं समुद्राखालच्या काचेच्या तारेतून जातं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, आणि न्यू जर्सी इथून साडेबारा हजार किलोमीटरवर. सुतासारखी सरळ तार टाकली तरी नुसत्या जाण्या-येण्याला सव्वाशे मिलिसेकंद लागणार. त्यात ॲपची स्वतःची रेंगाळ वेगळी. त्याच पालकांचं आता म्हणणं आहे की २०३० च्या सिक्स-जीत हे सुटेल. प्रकाशाचा वेग कोण वाढवणार आहे, हे मी त्यांना विचारलं नाही. सांगलीच्या विद्यार्थ्याबरोबर मात्र विलंबित, म्हणजे संथ, लयीत जमतं, ४० मिलिसेकंदांच्या उशिराशी कान जुळवून घेतो. बाकीच्यांना मी लेहरा आधीच पाठवते, ते तिकडे लावून वाजवतात. (आणि मीटिंगच्या ॲपमधलं आवाज गाळण्याचं बटण आठवणीने बंद करा, त्याला बायाँची घुमार म्हणजे गोंगाट वाटतो.)

गणपतीत काय होतं ते कोकणातल्यांना सांगायला नको. मुंबईहून चाकरमानी येतात आणि वाडीत फोन तिपटीने वाढतात. घरच्या कनेक्शनची वाट टॉवरवर निराळी राखलेली असते, असं विकताना मला सांगितलं होतं. फाइव्ह-जीत अशी वाट करता येते हे खरं आहे. पण गौरी जेवल्या त्या रात्री आरतीचा व्हिडिओ दुबईला पाठवायला मला पाऊण तास लागला. वाट असेलही, पण त्या दिवशी ती माझी नव्हती.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो पावसाचा. ३३०० मेगाहर्ट्‌झवर पावसाचा फरक नगण्य, हे मी जुलैइतक्या नाही पण जूनच्या पावसात पाहिलं. २६ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला पाऊस बाधतो, तो आमच्याकडे नाहीच. ओल्या कलमाने थोडं खाल्लं, एवढंच. खरा घात लाईट करते. लाईट गेली की माझा इन्व्हर्टर राउटर चालू ठेवतो, पण टॉवरच्या बॅटऱ्या तीनेक तासांत मान टाकतात आणि मग डबा भिंतीवरचं शोपीस. आमच्या जुन्या लँडलाईनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळायची, घरात मिट्ट काळोख असला तरी डायल टोन यायचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक दिवस लाईट नव्हती, मोबाईलही नव्हता. उद्या गावातले नळ, पैसे, शाळा, दवाखाना सगळंच फाइव्ह-जीवर चालवायचं म्हणून टॉवरच्या त्या एका लोखंडी सांगाड्यावर टांगायचं तर निदान त्याच्या खाली डिझेलचा जनरेटर हवा, आणि त्यात डिझेलही हवं.

मे महिन्यातल्या वळवाच्या रात्री वीज जवळच कुठेतरी पडली आणि बाहेरून आत येणाऱ्या केबलमधून झटका आला. राउटर आणि अडॅप्टर दोन्ही गेले. तक्रार क्रमांक दोन मिनिटांत आला, माणूस नवव्या दिवशी. नऊ दिवस वर्ग फोनच्या हॉटस्पॉटवर, अंगणात खुर्ची टाकून. आता ढग गडगडला की मी आधी ती केबल उपटते, मग वाळवणं उचलते.

शेजारच्या काकूंची काळजी वेगळीच. "अगो, किरणं येतात म्हणे त्यातून. ती जुही चावला कोर्टात गेली होती ना?" गेली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये तिचा फाइव्ह-जीविरुद्धचा दावा फेटाळून वर २० लाखांचा दंड ठोकला, जो पुढे २ लाखांवर आला. भारताने २०१२ मध्ये टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'शक्यता आहे, पण पुरावा तोकडा' अशा गटात घातलं. त्याच गटात आशियाई पद्धतीने खारवलेल्या भाज्याही आहेत, असं मी काकूंना सांगितलं. त्यांनी खारातल्या आंब्यांच्या बरणीकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि विषय बदलला.

घ्यावं का? तुमच्या गावात फायबर येत असेल आणि काम अपलोडचं असेल तर फायबरच घ्या. फायबर नसेल तर हे घ्या, पण आधी महिनाभराचं, आणि संध्याकाळी आठला वेग मोजून मगच पुढचं. विकणारे सहा महिन्यांचं गळ्यात मारतात. मी काल तीन महिन्यांचाच रिचार्ज केला. खालच्या वळणापर्यंत डांबर आलंय, आणि केबलवाला परवा चर बघून गेला.