टेक्स्ट सिलेक्शनवर काम करायचंय? प्रोझमिरर, लेक्सिकल की स्लेट

जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी येतं, ओपन सोर्समध्ये काहीतरी ठोस करायचं आहे, टेक्स्ट सिलेक्शन हा विषय आवडतो, पण कुठल्या प्रकल्पात हात घालावा हे ठरत नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. वेबवरचे एडिटर बांधायची ओपन सोर्स टूलकिट्स बरीच आहेत. त्यांतली तीन शेजारी शेजारी ठेवतो, कारण सिलेक्शनकडे बघायची तिघांची रीत खरोखर वेगळी आहे. गिटहबवर स्टार किती आणि पाठीशी कंपनी कोणती, यावरून ठरवू नका. आधी एवढंच बघा, की निवडीची हद्द कोण ठरवतं, ब्राउझर की लायब्ररी? तुमचा पॅच कुठे जाईल, आणि मुळात तिथे त्याला जागा आहे का, हे त्यावरून कळतं.

थोडी पूर्वपीठिका. ब्राउझरकडे निवडीची दोन टोकं असतात. ओढायला जिथून सुरुवात केली ते अँकर, जिथे सोडलं ते फोकस. खालून वर ओढलं की फोकस अँकरच्या आधी येतो, आणि सिलेक्शनचे बरेच बग नेमके इथे सापडतात. ही टोकं डॉममधल्या, म्हणजे ब्राउझरने पानाच्या बनवलेल्या झाडातल्या, नोडला बांधलेली असतात. एडिटर मात्र मजकुराचं स्वतःचं मॉडेल सांभाळतो, त्यामुळे प्रत्येक क्लिकला आणि प्रत्येक बाणाला डॉममधली जागा मॉडेलमध्ये आणि मॉडेलमधली डॉममध्ये शोधावी लागते. तिन्ही टूलकिट्स हे करतात. फरक पडतो तो ही जागा कशी मोजतात त्यात.

प्रोझमिरर हे मारेन हाव्हरबेके यांचं काम, १.० आवृत्ती २०१७ ची. इथे दस्तऐवजातली जागा म्हणजे एकच आकडा. परिच्छेद उघडला की एक, प्रत्येक कोड युनिटला (जावास्क्रिप्ट मजकुराची लांबी ज्या तुकड्यांत मोजतं त्यातल्या एकेका तुकड्याला) एक, परिच्छेद मिटला की एक. ‘आई’ एवढाच परिच्छेद असेल तर ० ही त्याच्या आधीची जागा, १ आतली सुरुवात, ३ आतला शेवट आणि ४ त्याच्या नंतरची जागा. कागदावर दोन-तीन उदाहरणं सोडवली की हे हातात बसतं. निवडीचे मूळ प्रकार तीन: मजकुराची, एका नोडची आणि सगळ्या दस्तऐवजाची. खरी गंमत अशी की चौथा प्रकार तुम्ही गाभ्याला हात न लावता लिहू शकता. टेबलमधल्या चौकोनी निवडीचा प्रकार असाच वेगळ्या पॅकेजमध्ये राहतो. दोन ब्लॉकच्या मधल्या फटीत, जिथे ब्राउझर कर्सर ठेवूच देत नाही, तिथे कर्सर उभा करणारं पॅकेजही असंच वेगळं आहे.

असा प्रकार लिहायचा तर काही गोष्टी तुम्हाला द्याव्याच लागतात. दोन निवडी सारख्या आहेत का, हे सांगणं. दुसऱ्या कुणी मधेच मजकूर घातला तर आपली निवड किती सरकेल, हे सांगणं. ती जेसनमध्ये साठवणं आणि परत वाचणं. शिवाय अनडू केल्यावर निवड पुन्हा जागेवर यावी म्हणून तिची एक खूण ठेवणं. यादी छोटी आहे, पण सरकण्याचा भाग नीट लिहायला वेळ लागतो. एकाच दस्तऐवजात अनेक जण लिहीत असतील, तर त्याची खरी परीक्षा तिथे होते. हे जमलं की बाकीच्या बहुतेक कमांड तुमच्या प्रकारावर आपोआप चालतात, कारण त्या निवडीला ‘सुरुवात कुठे, शेवट कुठे, आतला मजकूर दे’ एवढंच विचारतात. म्हणून नवं काही बांधायची हौस असेल तर मी प्रोझमिररच सुचवीन. टिपटॅपसारखी टूलकिट्स याच्यावरच उभी आहेत, त्यामुळे चांगलं पॅकेज लिहिलंत तर ते तिकडेही वापरता येतं. गाभ्यातला बदल मात्र मुख्यतः एका माणसाच्या नजरेखालून जातो. तिथे मोठा पॅच थेट पाठवण्यात अर्थ नाही, आधी विचारावं.

लेक्सिकल मेटाचं, २०२२ मध्ये खुलं झालेलं. इथेही रेंज (मजकुराचा सलग पट्टा), नोड आणि टेबल असे निवडीचे प्रकार आहेत आणि स्वतःचा प्रकार लिहिता येतो. पण बऱ्याच कमांड पहिल्याच ओळीत ‘ही रेंज निवड आहे का?’ असं विचारतात आणि नसेल तर काम सोडून देतात. म्हणजे नवा प्रकार आणला तर त्याच्यासाठी कमांडही तुम्हीच लिहायच्या. प्रोझमिररपेक्षा हे जड आहे. एक अक्षर पुढे किंवा मागे जाणं लेक्सिकल ब्राउझरवर सोपवतं, त्यामुळे देवनागरीत बाण कुठे थांबेल हे ब्राउझर ठरवतो. तिथे खोट असेल तर दुरुस्ती लेक्सिकलमध्ये नाही, ब्राउझरच्या बग ट्रॅकरवर मांडायची.

मग लेक्सिकल कुणी घ्यावं? टीमच्या शिस्तीत काम करायला शिकायचं आहे त्यांनी. योगदानाआधी मेटाच्या करारावर सही करावी लागते, आणि प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाच्या चाचण्या खऱ्या ब्राउझरमध्ये माणसासारख्या बटणं दाबून निवड तपासतात. या चाचण्या वाचूनच खूप शिकायला मिळतं. नोकरी करताकरता हे करणाऱ्यांनी मात्र करारावर सही करण्याआधी आपल्या कंपनीची परवानगी घ्यावी.

आता स्लेट. मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी पाहावा असा प्रकल्प माझ्या मते हाच. २०१६ पासून चालू आहे, आवृत्ती अजून शून्यानेच सुरू होते आणि पडद्यावरचा भाग रिअ‍ॅक्टला बांधलेला आहे. निवड म्हणजे दोन बिंदू, प्रत्येक बिंदू म्हणजे दस्तऐवजाच्या झाडातली वाट आणि शेवटच्या नोडमधलं अंतर. एका अक्षराची हद्द कुठे संपते, हे स्लेट ब्राउझरला विचारत नाही. युनिकोडचे अक्षरगटाचे (वाचणाऱ्याला एकच अक्षर वाटणाऱ्या चिन्हांच्या गटाचे) नियम त्याने स्वतःच्या कोडमध्ये हाताने उतरवून घेतले आहेत. मागे खोडण्याच्या कोडमध्ये तर लिप्यांच्या पट्ट्यांची यादीच आहे: बंगाली, थाई, ख्मेर, मल्याळम, आणि त्यांच्यात देवनागरी. या लिप्यांत बॅकस्पेस दाबला की पूर्ण अक्षरगट न उडवता शेवटचा तुकडाच काढायचा, असा तो कोड आहे. ‘स्त्री’ची वेलांटी चुकली तर फक्त वेलांटी जावी, पूर्ण अक्षर पुन्हा टाइप करायला लागू नये. आपण रोज जे गृहीत धरतो ते तिथे कुणीतरी मुद्दाम लिहून ठेवलं आहे.

हाताने लिहिलेल्या नियमांची अडचण अशी, की युनिकोडने नवा नियम आणला तरी तो स्वतःहून तिथे येत नाही. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम आला. त्याआधीच्या नियमांनी ‘स्त्री’चे तीन गट पडत: स्, त् आणि री. शिफ्ट धरून उजवा बाण दाबला की निवड जोडाक्षराच्या मधोमध थांबणार. नव्या नियमाने एका बाणात पूर्ण ‘स्त्री’ हे अक्षर निवडलं जातं, आतमध्ये कोड युनिट सहा असली तरी. पॅच लिहिण्याआधी स्लेटची ती फाइल उघडा आणि हा नियम आज तिथे कसा हाताळला आहे ते बघा. निवड आणि खोडणं यांची हद्द वेगळी ठेवायची, हे विसरू नका. बाण पूर्ण जोडाक्षर ओलांडतो, बॅकस्पेस मात्र एकच तुकडा काढतो.

चाचणीसाठी ‘नमस्ते’वर थांबू नका. ‘वाऱ्यावर’ घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: नुक्तावाला ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं, जोडणारं चिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कोड युनिटची संख्या वेगळी येते आणि निवडीचा कोड एकात चालून दुसऱ्यात अडखळू शकतो. जुन्या फाइलींमधून आणि वेगवेगळ्या कीबोर्डांवरून दोन्ही रूपं येतात. हे मराठी माणसाला चटकन सुचतं, इतरांना सुचेलच असं नाही, आणि स्लेटसारख्या प्रकल्पात अशी एक चाचणीसुद्धा मोलाची आहे. अँड्रॉइडसाठी स्लेटमध्ये इनपुटचा वेगळा विभाग आहे, कारण तिथले कीबोर्ड मजकूर रचत असताना घटना वेगळ्या क्रमाने पाठवतात. आपल्याकडे बरंच लिखाण फोनवरच होतं, तेव्हा तिथे मराठी कीबोर्ड लावून करून बघाच.

क्विल या चौथ्या टूलकिटबद्दल थोडक्यात. त्यात निवड म्हणजे नुसता आरंभ आणि लांबी असे दोन आकडे. समजायला सगळ्यात सोपं, २०२४ च्या २.० पासून टाइपस्क्रिप्टमध्ये. पहिल्याच योगदानासाठी ठीक आहे, पण चौकोनी निवडीसारखं काही त्या दोन आकड्यांत बसत नाही.

प्रकल्प कुठलाही घ्या, बग कळवण्याआधी एक साधं पान बनवा: कुठलीही लायब्ररी नाही, फक्त एक डिव्ह, त्याला कंटेंटएडिटेबल (ब्राउझरमध्येच मजकूर बदलू देणारा गुणधर्म) लावलेलं आणि त्यात तुमचा शब्द. तोच घोळ तिथेही दिसला तर तो ब्राउझरचा आहे. एका ब्राउझरवर विसंबू नका, कारण फायरफॉक्स एकाच वेळी अनेक रेंज धरू शकतो, क्रोम आणि सफारी एकच. हे पान पुढे पॅचबरोबर जोडा, म्हणजे देवनागरी न वाचता येणाऱ्या मेंटेनरलाही निवड कुठे तुटते ते डोळ्यांनी दिसेल. प्रत्येक उदाहरणाखाली अपेक्षित निवड आणि प्रत्यक्ष निवड दोन्ही लिहा, आणि स्लेटला पाठवत असाल तर चेंजसेटची (काय बदललं ते सांगणारी छोटी) फाइलही त्यात घाला.