मैदान वाचवायचंय? चार सरकारी सेवांचं परीक्षण, गुणांसकट

मैदानाभोवती पत्रे उभे राहिले की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सह्या कुठे करायच्या?" सह्या जरूर करा. पण जागा वाचते ती कागदावर, आणि हे कागद मिळवून देणाऱ्या चार सेवा आहेत: झोन दाखला, राजपत्रातली सूचना आणि तिच्यावरची हरकत, सोमवारची अभिलेख पाहणी (कार्यालयात जाऊन सरकारी कागद बघणं), आणि माहिती अधिकाराचा अर्ज. लोक सगळा जोर हरकतीवर लावतात. चौघींत कमी गुण तिलाच आहेत. हे सगळं महाराष्ट्रातल्या महापालिकांपुरतं.

झोन दाखला आणि भाग नकाशा: ५ पैकी साडेतीन

पुण्यात झोन दाखला, मुंबईत डीपी रिमार्क. नाव वेगळं, काम एकच: विकास आराखड्यात या जागेवर काय लिहिलंय ते पालिकेनं लेखी देणं. अर्जाआधी जागेचा नंबर पक्का करा, कारण गडबड तिथेच होते. एकाच मैदानाला जुना सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर आणि नगररचना योजनेतला फायनल प्लॉट नंबर असे तीन नंबर असू शकतात. चुकीच्या नंबरवर दाखला मागितला तर उत्तर अगदी खरं येतं, फक्त शेजारच्या प्लॉटचं.

दाखला हातात आला की आधी एवढंच बघा, ती जागा 'विद्यमान' बाग आहे की 'आरक्षित', म्हणजे पुढे बाग करायची म्हणून नुसती राखून ठेवलेली. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण आरओएस १.४ आणि बागेचं आरओएस १.५ या खुणेनं दाखवलंय. आरओएस म्हणजे आरक्षित मोकळी जागा, ईओएस म्हणजे आधीपासून असलेली. आरक्षित आणि वर खासगी मालकीची असेल तर नगररचना कायद्यातल्या कलम १२७ चं घड्याळ चालू असू शकतं, म्हणजे मुदतीत जागा घेतली नाही तर आरक्षणच संपतं, त्याबद्दल पुढे. रहिवासी ज्याला 'आमची बाग' म्हणतात ती पुष्कळदा आराखड्यातली बाग नसतेच. ती असते बिल्डरच्या लेआउटमधली मोकळी जागा किंवा सुविधा भूखंड. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. सुविधा भूखंडाचे नियम निराळे, त्यावर दवाखाना किंवा बाजारही येऊ शकतो. दोन्हींत गल्लत केलेली हरकत पहिल्या पाच मिनिटांत निकाली निघते.

दीड गुण कापला तो भाग नकाशासाठी, म्हणजे आराखड्याच्या नकाशातल्या तेवढ्या तुकड्यासाठी. १:४००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर. हद्दीचा वाद असेल तर संगणकाच्या पडद्यावरची हिरवी रेघ काहीच सिद्ध करत नाही, मोजणी नकाशाच लागतो.

सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा. संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीपुरता असतो. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, तोच जोडा. त्यात मालकाचं नाव कुणाचं हे बघायचं. बिल्डरनं मोकळी जागा पालिकेच्या ताब्यात दिली, ताबा पावतीही झाली, पण फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, कुणी केलाच नाही, असं सर्रास आढळतं. वीस वर्षांनी सातबाऱ्यावरचे वारस जागे होतात.

राजपत्र आणि हरकत: ५ पैकी २

आराखडा मंजूर झाल्यावर एखाद्या भूखंडाचं आरक्षण उठवायचं किंवा बदलायचं, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या कलम ३७ खाली 'किरकोळ फेरबदल' करतात. सूचना राजपत्रात येते, हरकतीला एक महिना. मैदान किरकोळ कसं, हे त्या शब्दालाच विचारायला हवं.

सूचना सापडणं हीच यातली खरी परीक्षा. राजपत्र भाग एकची विभागीय पुरवणी दर आठवड्याला 'गुरुवार ते बुधवार' अशा तारखेनं निघते, तिच्यात नगरविकास विभागाच्या अधिसूचना असतात. असाधारण अंक वेगळे. वर्तमानपत्रातली जाहिरात इतक्या बारीक टाइपात असते की भिंग लागावं, आणि तिच्यात 'मैदान' शब्द शोधून उपयोग नाही. सर्व्हे नंबर शोधा. दर आठवड्याला एकानं पुरवणी चाळायची अशी पाळी लावणं, यापलीकडे चांगला उपाय नाही.

हरकत एका पानाची पुरते. वर सूचनेचा क्रमांक व तारीख, मग सर्व्हे किंवा फायनल प्लॉट नंबर, मग मुद्दा: लोकसंख्या किती, पायी अंतरावर दुसरं मैदान आहे का, बदल्यात दुसरी जागा दिली जाते आहे का आणि ती कुठे. शेवटी 'प्रत्यक्ष सुनावणी मिळावी' हे वाक्य. ते विसरू नका. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोस्टानं पाठवलीत तर ती मुदतीत पोचेल एवढे दिवस हाताशी ठेवा.

छापील मजकुराच्या पाचशे हरकती सहसा एकत्रच ऐकल्या जातात. त्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या वीस भारी: एक शाळेची, एक ज्येष्ठ नागरिकांची, एक पावसाळी पाणी कुठे जाणार याची. मात्र प्रारूप विकास आराखड्याच्या वेळी संख्येला वजन असतं. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा टीकेच्या आणि हरकतींच्या माऱ्यामुळे शासनानं दुरुस्त करायला लावला आणि सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला. कलम ३७ मध्ये जागा एक, रहिवासी एका वॉर्डातले, आणि निर्णय मंत्रालयात. म्हणून दोनच गुण. तरीही हरकत टाकायचीच, कारण पुढे उच्च न्यायालयात पहिला प्रश्न येतो, "तेव्हा कुठे होतात?"

सोमवारची अभिलेख पाहणी: ५ पैकी ४

फारच कमी लोकांना माहीत असलेली सेवा. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. अर्ज नाही, फी नाही. शासन निर्णयाची छापील प्रत बरोबर ठेवा, खिडकीवर तीच बोलते.

जाण्याआधी विभाग ठरवा. उद्यान विभागाकडे झाडांचा आणि माळ्यांच्या ठेक्याचा कागद असतो. आरक्षणाची नस्ती, म्हणजे फाइल, विकास योजना विभागात असते, भाडेपट्ट्याची मालमत्ता विभागात, बांधकाम परवानगीची बांधकाम विभागात. लोक दोन तास उद्यान विभागात घालवतात आणि चहा पिऊन परत येतात. नस्ती हाती आली की फोटो काढत बसण्याआधी पृष्ठ क्रमांकांची यादी करा. मधली पानं गायब असतील तर ते तिथेच लिहून द्या. एक गुण कापला, कारण दोन तासांत तीनशे पानांची नस्ती वाचून होत नाही.

माहिती अधिकार: ५ पैकी साडेचार

दहा रुपयांत याहून जास्त देणारी सरकारी सेवा दाखवा. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा. 'का' विचारू नका. कारण सांगणं माहिती अधिकाऱ्याचं काम नाही, कागद देणं आहे. जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, माहितीचं वर्णन असं लिहा:

"सर्व्हे क्र. …, मौजे …, येथील खेळाच्या मैदानाच्या आरक्षणाबाबत: (१) कलम १२७ खाली आलेली खरेदी सूचना, तिचा आवक दिनांक व त्यावरील कार्यवाहीच्या प्रती. (२) आरक्षण बदलाच्या नस्तीचा टिपणी भाग व पत्रव्यवहार भाग, पृष्ठ क्रमांकांसह. (३) भूसंपादन प्रस्ताव व अंदाजपत्रकातील तरतुदीची प्रत. (४) ताबा पावती."

पहिला मुद्दा सर्वांत तातडीचा. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे 'जागा विकत घ्या' अशी नोटीस, देऊ शकतो. ती दिल्यापासून २४ महिन्यांत पालिकेनं संपादन केलं नाही किंवा त्यासाठीची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि शेजारच्या जागेवर जे चालतं ते मैदानावरही चालू लागतं. बिल्डरला लढावंही लागत नाही, नुसतं थांबावं लागतं. सर्वसाधारण सभेनं 'मैदान घेऊ' असा ठराव केला की नगरसेवक पेढे वाटतात, पण 'गिरनार ट्रेडर्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच सांगितलं की नुसता ठराव म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे. म्हणून तिसरा मुद्दा: पैसे ठेवलेत का ते बघा.

दुसऱ्या मुद्द्यातला 'टिपणी भाग' हा शब्द गाळू नका. नुसत्या 'प्रती' मागितल्या की पत्रव्यवहार मिळतो, आणि खरी गोष्ट टिपणीत असते: कुणी 'आरक्षण उठवणे योग्य नाही' लिहिलं, आणि कुणाच्या सहीनंतर ते बदललं. एरंडवण्यातल्या फायनल प्लॉट ११० चं उदाहरण पुणेकरांना ठाऊक असेल. १९६६ च्या आराखड्यात बाग, १९८७ च्या आराखड्यात प्राथमिक शाळा, मग आरक्षण उठवून वर निवासी इमारत. उच्च न्यायालयानं १९९९ मध्ये ते बेकायदा ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये तो निकाल कायम केला. त्या निकालात नस्तीवरच्या नोंदींचा कीस काढलाय. आणि 'तुमचा संबंध काय' असं कुणी विचारलं, तर बेंगळूरु मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा, १९९१, हा निकाल दाखवा: उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली होती, आणि तिथल्या रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे असं न्यायालयानं मान्य केलं.

उत्तराला ३० दिवस. अर्ज चुकीच्या विभागात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा, असा कायदा आहे. तरी विभाग आपणच बरोबर निवडावा. उत्तर अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, फी २० रुपये. अपिलात नवी माहिती मागू नका, 'मुद्दा २ मधला टिपणी भाग दिलेला नाही' एवढंच लिहा आणि नस्तीची प्रत्यक्ष पाहणी मागा. अर्धा गुण कापला तो दुसऱ्या अपिलासाठी: राज्य माहिती आयोगापुढच्या रांगेत वर्षंच्या वर्षं जाऊ शकतात, आणि तिकडे खरेदी सूचनेचे २४ महिने कुणासाठी थांबत नाहीत. खरेदी सूचनेची आवक तारीख सोमवारीच, आवक नोंदवहीतून, स्वतः उतरवून घ्या.