न्यूझीलंडमधली आमची कॅम्परव्हॅन : दोन खेपांत मिळून साडेचार महिने वापरल्यावर

आमची मुलगी तिथं हॅमिल्टन गावाला राहती. तिनं आमच्या रिटायरमेंटच्या पैशातून एक सेकंडहँड डिझेल व्हॅन घेऊन तिची कॅम्परव्हॅन करून घेतली होती. मार्च-एप्रिल 2023 ला आम्ही दोघं तिच्यातनं नॉर्थ आयलंड फिरलो, वेलिंग्टनला पोचलो, दुसऱ्या दिवशीचं पिक्टनला, म्हणजे साऊथ आयलंडला, जाणाऱ्या बोटीचं बुकिंग हातात होतं आणि रात्री लातूरहून दिराचा फोन, की माय (माझ्या सासूबाई, सगळे मायच म्हणतो) न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तिथनंच मागं फिरलो. मायचं ऑपरेशन, मग कितीतरी महिने अंथरुणाला, जरा काठी धरून चालायला लागल्या तर ह्यांच्या छातीत कळ आली आणि दोन स्टेंट बसले. पुन्हा जायचं नाव कुणी काढंना. शेवटी मायच म्हणल्या, माझ्यापायी अर्धी राहिली ती पुरी करून या. मग डिसेंबर 2024 ते फेब्रुवारी 2025 साऊथ आयलंड केलं.

आता व्हॅनबद्दल. सगळ्यात आधी संडासाचं सांगते, लाजायचं काही कारण नाही, आमच्या वयाला तेच महत्त्वाचं. तिथं रानात, तळ्याकाठी फुकट मुक्काम करायच्या बऱ्याच जागी सेल्फ कंटेन्ड, म्हणजे संडास-पाण्याची सोय आतच असलेली, गाडीच चालती आणि 2023 च्या नव्या कायद्यानं त्यासाठी पक्का बसवलेला संडास पाहिजे, उचलून ठेवायचा पोर्टेबल चालत नाही. जुन्या निळ्या कार्डाला (गाडी सेल्फ कंटेन्ड असल्याचा दाखला) मुदत होती तरी लेकीनं आधीच बदलून हिरवं कार्ड करून घेतलं. ह्यांना लघवी जास्त होणारी गोळी आहे, रात्री तीनदा उठतात, बाहेर काळाकुट्ट अंधार अन् गारठा, आणि हे दोन पावलावर जाऊन परत रजईत. त्या एका खर्चानं ट्रिप वाचली असंच मी म्हणीन.

बेड मात्र रोज सीट पाडून करावा लागतो, मधला सांधा कंबरेत रुततो, दुसऱ्या आठवड्यात वरून जाड फोमची गादी घेतली तेव्हा झोप लागली. इंजिन पुढच्या सीटखाली आहे, चढाला सीट तापती. हीटर नाही, साऊथ आयलंडच्या टेकापो गावाला उन्हाळ्यातसुद्धा पहाटे दोन-दोन स्वेटर लागले, पण तिथलं चांदण्यांचं आभाळ बघायला हे आपणहून बाहेर येऊन बसले, म्हणून ती थंडी मी मोजत नाही.

दुसरी गोष्ट बॅटरीची. पावणेदोन वर्षं व्हॅन लेकीच्या अंगणात उभी होती, आतल्या फ्रिज-लाईटची बॅटरी पार बसली, चार्ज धरंना, नवीच घ्यावी लागली. टायर दिसायला चांगले पण रबराला बारीक भेगा, तेही बदलले. डब्ल्यूओएफ म्हणजे गाडीची तपासणी नव्यानं करून घेतली, आणि डिझेल गाडीला तिथं रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, हजार किलोमीटरच्या हिशोबानं आधीच विकत घ्यायचा.

ह्यांना स्टेंट बसल्यावर मी ठरवलं होतं की मला गाडी आलीच पाहिजे. 59 व्या वर्षी क्लास लावला, औसा रोडला पहाटे पहाटे हात बसवला. तिकडं आपल्यासारखीच डावीकडून चालवतात आणि आपलं इंग्रजीतलं लायसन चालतं. अवघड वाटले ते एका गाडीपुरते अरुंद पूल, वेस्ट कोस्टला, म्हणजे साऊथ आयलंडच्या पश्चिम किनाऱ्याला, लई आहेत. पाटीवर आपल्या बाजूचा बाण लाल अन् बारका असला की आपण थांबायचं. पहिल्याच पुलाला समोरून ओंडक्याचा ट्रक आला, मी अलीकडं थांबले, हात घामेजले, ट्रकवाल्यानं जाता जाता हात वर केला. हे इतका वेळ गप्प होते, म्हणले, जमतंय की गं तुला. हास्टचा घाट मीच चालवला. तिकडं मैलोनमैल मोबाईलला रेंज नाही म्हणून मदतीचा सिग्नल पाठवायचं पीएलबी यंत्र भाड्यानं घेतलं होतं आणि तो टप्पा सकाळीच उरकला. दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर जायचं नाही हे आधीच ठरलेलं.

दुखणं असलेल्यांनी हे नीट वाचा. तिथं अपघात झाला तर पाहुण्यालासुद्धा एसीसी म्हणून सरकारी योजनेतून उपचार मिळतात, पण हार्टचं दुखणं त्यात येत नाही, ते बिल आपल्यावर. एका विमा कंपनीनं जुन्या आजाराला सरळ नाही म्हणलं, दुसरीनं जादा पैसे घेऊन थोडं कव्हर दिलं. औषधं तीन महिन्यांचीच नेता येतात, मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसहित, आम्ही बरोबर तेवढीच नेली आणि तेवढेच राहिलो. खाण्याचं काहीही नेलं तर फॉर्मवर लिहाच, लपवलं तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड. माझी शेंगदाण्याची चटणी अन् काळं तिखट साहेबानं उघडून बघितलं, वास घेतला, परत दिलं.

दोन शेगड्यांवर रोज भाकरी केली, ज्वारीचं पीठ हॅमिल्टनच्या इंडियन दुकानातनं. दार उघडं ठेवून करायची, गॅस कोंडतो. वेस्ट कोस्टला दार उघडलं की सँडफ्लाय म्हणजे बारक्या माश्या चावतात, तिथं तेवढी जाळी लावून घ्या.

येताना ह्या वेळी बॅटरीची वायर मी माझ्या हातानं सोडवून ठेवली. साऊथ आयलंडमधलं मिलफोर्डकडचं बघायचं राहिलंय. तव्याला तेल लावून, फडक्यात गुंडाळून व्हॅनमध्येच ठेवून आलेय.