रेडिओ की ट्विटर: प्रशिक्षकांपुढचे दोन मार्ग
अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये चाहत्यांशी बोलण्याचे जुने साधन म्हणजे प्रशिक्षकाचा साप्ताहिक रेडिओ कार्यक्रम. अनेकदा तो गावातल्या एखाद्या उपाहारगृहातूनच प्रसारित होतो आणि फोनवरचा श्रोता, हरलेल्या सामन्यात अखेरचा टाइमआउट का घेतला नाही, असे थेट विचारू शकतो. २००९ मध्ये केंटकी विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आलेल्या जॉन कॅलिपारी यांनी मात्र ट्विटर (आताचे एक्स) जवळ केले आणि दहा लाखांहून अधिक अनुयायी मिळवले. तेथे पोहोच अफाट आहे, शिवाय शाळकरी होतकरू खेळाडूही ते वाचतात (त्यांना आपल्या संघात आणायचे असल्याने खरा डोळा बहुधा त्यांच्यावरच असतो). परंतु विद्यापीठाशी अजून करारबद्ध न झालेल्या अशा खेळाडूविषयी जाहीर बोलण्यास एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संघटनेची मनाई असल्याने घाईत लिहिलेली एक ओळ महागात पडू शकते. डावपेच उलगडून सांगायला मला रेडिओच सरस वाटतो.