तीनशे रुपयांत मोडी: वाचनालयातला दहा दिवसांचा वर्ग

मी साताऱ्यात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दुपारी दोन ते पाच दुकानात गिऱ्हाईक जवळजवळ नसतंच, आणि लग्नसराई संपली की पावसाळ्यात तर हातही रिकामे. यंदा जुलैत आमच्या भागातल्या जुन्या वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसलं: ‘मोडी लिपी वर्ग, दहा दिवस, दुपारी ३ ते ५, शुल्क ३०० रुपये.’ मोडी म्हणजे मराठी भरभर लिहायची जुनी लिपी. तशीच आत गेले आणि पैसे भरले. वर्ग संपून दोन महिने झालेत. मधल्या काळात रोज थोडं लिहीत राहिले, म्हणून आता खात्रीनं सांगू शकते की पैसे वसूल झाले. दोन गोष्टी मात्र सुधारायला हव्यात, त्याही सांगते.

वरचा खर्च अगदी थोडा. दोन बोरू, म्हणजे काडीच्या लेखण्या, वीस रुपयांचे, शाईची बाटली पस्तीसची, रेघी वही चाळीसची. सगळं धरून चारशेच्या आत.

शिकवणारे सर निवृत्त शिक्षक. पहिल्या दिवशी त्यांनी एकही अक्षर शिकवलं नाही. दोन तास फक्त बोरू तासायचा आणि रेघा ओढायच्या. बोरूची काडी बोटाएवढी जाड, आतून पोकळ. चाकूनं टोकाशी तिरका, लांब काप घ्यायचा, आतला मऊ भाग खरवडून काढायचा, मग टोकाला मधोमध चीर द्यायची, कारण शाई त्या चिरेतून उतरते. शेवटी टोक तिरपं छाटायचं. माझा पहिला बोरू चिरेपाशी उभा फाटला. सरांनी तो हातात घेतला, बोटभर मागून कापला आणि पुन्हा तासून दिला. कापड कापताना मी कात्री जशी धरते तसा चाकू धरा म्हणाले, अंगठा पात्याच्या मागे ठेवून. दुसरा लगेच जमला.

मग रेघा. बाळबोध, म्हणजे नेहमीची देवनागरी, लिहिताना आपण आधी अक्षर काढतो आणि शिरोरेषा मागून देतो. मोडीत उलटं. कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत आधी सगळी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची. मला हे पटकन उमगलं, कारण आम्हीही कापडावर आधी खडूची रेघ मारतो, टाका नंतर. वर्गातल्या कॉलेजच्या मुलांना तो पहिला दिवस कंटाळवाणा वाटला, पण पुढे ज्यांचं अक्षर वळणावर आलं ते सगळे त्या दिवशी मन लावून रेघा ओढणारेच होते.

तिसऱ्या दिवसापासून खरी गंमत सुरू झाली. मोडी लिहिताना हात शक्यतो उचलायचा नाही. काना खालून वर जाऊन रेघेला भिडतो आणि तिथूनच पुढच्या अक्षरात उतरतो. मशीनवर लांब शिलाई मारताना दोरा न तोडता कोपऱ्यात सुई रुतलेली ठेवून कापड वळवतो ना, अगदी तसं. ‘सातारा’ हा शब्द मी पहिल्यांदा एका ओघात लिहिला तेव्हा शाई वाळेपर्यंत वहीकडे बघत बसले. पूर्वी शाई वाळवायला ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकत, हेही सरांनी त्याच दिवशी सांगितलं.

लिहायला सोपी तेवढीच वाचायला अवघड, कारण वेगानं लिहिण्यासाठी या लिपीनं बरंच काही सोडून दिलंय. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा, दोन्ही एकसारखेच लिहिलेले; ‘दिन’ आणि ‘दीन’चंही तेच. शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, ओळ सलग धावते. वर लघुरूपं. म्हणून अक्षरं ओळखता आली तरी मजकूर लागत नाही. तो अदमासानं, पुढचं-मागचं बघत लावावा लागतो. पत्रांचे ठरलेले मायने पाठ असले तर खूप मदत होते. ‘राजमान्य राजश्री’, ‘विनंती विशेष’, ‘बहुत काय लिहिणे’ हे तुकडे डोळ्यांना ओळखीचे झाले की मधला मजकूर हळूहळू सुटायला लागतो. सरांनी हे तुकडे आमच्याकडून वीस-वीस वेळा लिहून घेतले, आणि माझ्या मते संपूर्ण वर्गातली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट तीच. हातानं लिहिलेलं डोळा विसरत नाही.

आता तक्रारी. आठव्या दिवसापासून लिहिणं बंद झालं आणि वर्ग व्याख्यानासारखा झाला. कालगणना एका दुपारीत उरकली. जुन्या कागदांत सन अरबी संख्यांच्या शब्दांत असतो: इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. ‘इहिदे सितैन मया अलफ’ म्हणजे ११६१, आणि तो शुहूर सन, म्हणजे त्या काळच्या कागदांतली वर्षगणना; इसवीत तो १७६०-६१, पानिपताचं वर्ष. हे ऐकताना अंगावर काटा आला, पण वहीत उतरवून घेण्याआधीच फळा पुसला गेला. याला तीन दिवस द्यायला हवेत. शिवकालीन आणि पेशवेकालीन वळणांतला फरकही नुसता सांगितला. दोन्हीचे नमुने शेजारी ठेवून दाखवले असते तर डोक्यात राहिला असता.

दुसरी तक्रार झेरॉक्सची. सरावाला दिलेले कागद इतके फिके होते की अक्षर कुठलं आणि डाग कुठला ते कळत नव्हतं. नवशिक्या माणसाला ठळक छापच हवी. वर्गात आम्ही बत्तीस जण आणि एका बाकावर तिघं, त्यामुळे मोठी रेघ ओढताना शेजारणीला कोपर लागायचं. वाचनालयाच्या चिटणिसांना हे सगळं सांगितलंय. त्यांनी पुढची तुकडी वीस जणांची करतो म्हटलंय.

दहा दिवसांत मोडी वाचता येईल अशा आशेनं कुणी जाऊ नये. तेवढ्यात मुळाक्षरं, बाराखडी आणि सुबक लिहिलेलं पत्र एवढंच येतं. कुणबी नोंदींचा शोध २०२३ पासून सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, म्हणून आमच्या वर्गातही चार-पाच जण कामाच्या आशेनं आले होते. त्यांना सरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की त्यासाठी वर्षभराचा सराव लागेल. हा खरेपणा मला आवडला. पुण्यात पेशवे दफ्तरातले कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेत. ते रुमाल एकदा तरी डोळ्यांनी बघायचे असं मी ठरवलंय.

ज्यांना हातानं काही करायला आवडतं, विणकाम, रांगोळी, शिवण, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. नुसता इतिहास ऐकायचा असेल तर पहिले पाच दिवस जड जातील.

आमच्या सासऱ्यांच्या ट्रंकेत एक घडी घातलेला कागद होता. खरेदीखत असेल असं घरात सगळे म्हणायचे. गेल्या रविवारी तो खिडकीशी नेऊन वाचायला बसले. पहिल्यांदा आकडा लागला: सात, त्यापुढे दोन उभ्या रेघा आणि दोन आडव्या. उभी रेघ म्हणजे चार आणे, आडवी म्हणजे एक. सात रुपये दहा आणे. मग ‘जोंधळे’ लागलं, मग ‘तूप’, मग ‘गूळ’. खरेदीखत नाहीच ते, घरातल्या कुठल्याशा कार्याच्या सामानाची यादी आहे. सासूबाई शेजारी बसून होत्या. म्हणाल्या, ‘पुढं काय काय आणलंय ते वाच की गं.’ पुढचे दोन शब्द काही लागेनात. कागदाचा स्वच्छ फोटो काढून सरांकडे नेणार आहे. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. बोरू घरूनच न्यावे लागतात, दोन न्या.